मशीनमास्तरांचे युनिट

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली मशीनमास्तर म्हणते. उभा जन्म त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात घालवला. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. आत तेलाचा वास, खिळ्यांना लटकवलेले चामडी पट्टे, आणि बॉबिनांनी भरलेले बिस्किटांचे डबे. बसायला स्टूल एकच, त्यावर गिऱ्हाईक बसणार आणि मास्तर उभे राहणार.

त्यांची एक रीत होती. कुणी बिघडलेलं मशीन आणून टाकलं की त्या बाईला ते रिकाम्या हातानं परत पाठवत नसत. "काम अडायला नको," असं म्हणून दुकानातलं एक मशीन उसनं देत. अनामत नाही, नोंद नाही, कधी परत आणणार हा प्रश्नसुद्धा नाही. सासूबाई करवादायच्या, "हे दुकान आहे की धर्मशाळा?" एकदा एक शिवणकामवाली उसन्या मशीनसकट गाव सोडून गेली. तेव्हाही मास्तर म्हणाले, "तिकडे गेल्यावर तिला शिवायला लागेलच की." या माणसावर रागवायचं तरी कसं, हे सासूबाईंना इतक्या वर्षांत उमगलेलं नाही, आणि मलाही नाही.

अशा माणसाला कुणीतरी परदेशी बाँड फंडाबद्दल सांगितलं. निरनिराळ्या देशांची सरकारं बाजारातून कर्ज उचलतात. त्या कर्जाचे कागद म्हणजे बाँड. असे पुष्कळ बाँड एकत्र करून फंड बनतो आणि त्याचे युनिट शेअरसारखे बाजारात मिळतात. यातलं व्याज, चलन, जोखीम काहीही मास्तरांच्या डोक्यात शिरलं नाही. एकच गोष्ट शिरली आणि घट्ट बसली, ती म्हणजे आपण सरकारांना उसनं देतो. त्यांनी थोडे युनिट घेतले आणि दुकानाच्या शटरपाशी उभं राहून ऐटीत सांगायला लागले, "आता सरकारंसुद्धा आपल्याकडनं उसनं नेतात."

मी लग्न होऊन या घरात आले ती फंडांच्या भावावर काम करायची नोकरी घेऊन. मी नेमकं काय करते ते पहिल्याच आठवड्यात जेवताना सांगून पाहिलं होतं. पण 'बाँड फंड' एवढं कानावर पडल्यावर मास्तरांनी पुढचं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं होतं की आमची सून आमचा फंड सांभाळते. मी नवऱ्याला म्हटलं, तू तरी नीट सांग. तो म्हणाला, "खूश आहेत ना, राहू दे." माझा नवरा विषय टाळण्यात पटाईत आहे आणि त्याचा त्रास नेहमी मला होतो.

तर माझं काम शॉर्ट सेलिंगचं. एखाद्या फंडाचा भाव पडणार असं वाटलं की त्याचे युनिट दुसऱ्याकडून उसने घ्यायचे आणि आजच्या भावाला विकून टाकायचे. भाव पडला की तेवढेच युनिट स्वस्तात विकत घेऊन ज्याचे त्याला परत करायचे. मधला फरक आपला. भाव पडायच्या ऐवजी चढला तर मात्र महागात घेऊन परत द्यावे लागतात आणि तोंडचं पाणी पळतं. असे किती युनिट उसने घेऊन विकलेत आणि अजून परत करायचेत, त्या आकड्याला शॉर्ट इंटरेस्ट म्हणतात. तो अधूनमधून जाहीर होतो, हवा त्यानं बघावा. माझ्या आईला हे काम पटत नाही. दुसऱ्याच्या पडण्यावर कसली कमाई, असं तिचं म्हणणं. मला त्याची लाज वाटत नाही. भाव उगाच फुगला की टाचणी लावायला कुणीतरी लागतंच.

मागच्या वर्षी मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी दुकान विकलं. आलेली रक्कम म्हणजे त्यांच्या आणि सासूबाईंच्या म्हातारपणाची सगळी पुंजी. एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं की सगळेच्या सगळे पैसे आपल्या फंडात घालणार.

माझा घास हातातच राहिला. नेमक्या त्याच फंडाचे युनिट आमच्या डेस्कनं, म्हणजे ऑफिसातल्या आमच्या गटानं, उसने घेऊन विकले होते, आणि तो सल्ला माझाच होता. व्याजदर चढणार, नव्या बाँडांवर जास्त व्याज मिळायला लागल्यावर जुन्यांची किंमत उतरणार आणि हा फंड आपटणार, अशी माझी खात्री होती. या दोन म्हाताऱ्यांची पुंजी त्याच्याबरोबर आपटणार होती. आणि डेस्कवर काय चाललंय ते घरी बोलायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. मोडला तर नोकरी गेली.

पण जाहीर झालेला आकडा दाखवायला कुणाची ना नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तर घरातल्या मशीनला तेल घालत बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, हे बघा. हे सगळ्यांना दिसतं. तुमच्या फंडाचे एवढे युनिट लोकांनी उसने नेलेत. एरवी इतके नेत नाहीत."

मला वाटलं, आता तरी कपाळाला आठी पडेल. मास्तरांचा चेहरा उलट खुलला.

"एवढे उसने नेलेत? मग माल चांगलाच असणार."

"अहो, तसं नसतं ते."

"तसंच असतं. माझं ते जुनं काळं मशीन आठवतं का? कधी दुकानात दिसायचंच नाही. सदा कुणाच्या तरी घरी. का, तर टीप सरळ पडायची त्याची. भिकार मशीन उसनं कोण नेईल?" मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंस का, आपल्या फंडाला केवढी मागणी आहे. उद्याच बँकेत जाऊन येतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. थांबवायला गेले होते आणि माणूस दुप्पट जोरानं निघाला होता.

"बाबा, ते वापरायला नेत नाहीत. विकायला नेतात."

तेलाची कुपी थांबली.

"समजा, तुमचं काळं मशीन मी उसनं नेलं आणि बाजारात विकलं. मला वाटतंय की मशिनांचे भाव पडणार. ते पडले की तसंच दुसरं मशीन स्वस्तात घ्यायचं आणि तुम्हाला आणून द्यायचं. उरले ते पैसे माझे."

"उसनं नेलेलं विकायचं?" त्यांनी असं विचारलं, जणू त्यांच्याच ऐकण्यात काही चूक झाली असावी. "अशी माणसं असतात?"

असतात म्हणून मोकळी झाले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण गल्लीभर माझं कौतुक सांगत फिरणाऱ्या माणसासमोर ते तोंडातून निघेना.

"मीच ते काम करते, बाबा. आधीपासून. कशात करते ते मात्र विचारू नका, मला सांगता येत नाही."

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाई हातातलं पातेलं तसंच धरून दारात उभ्या होत्या. परक्यानं काय म्हटलं असतं त्याची मला पर्वा नाही, पण या माणसाच्या नजरेतून उतरायची माझी तयारी नव्हती. मास्तरांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"परत देतेस ना?"

"देते. दरवेळी. महाग पडलं तरी."

"आणि मालकाला ठाऊक असतं?"

"असतं. त्याचं भाडंही देतो आम्ही."

"मग झालं तर." त्यांनी पुन्हा कुपी उचलली. "मी तर भाडंसुद्धा घेत नव्हतो."

"मी म्हणत होते घ्या म्हणून," सासूबाई दारातून म्हणाल्या. "माझं ऐकतंय कोण?"

मास्तरांनी ते पैसे मुदत ठेवीत घातले. कारण विचारलं नाही. फंडातले जुने थोडे युनिट तेवढे राहू दिले. सरकारांना एकदम नाही म्हणणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं.

पुढे जे झालं ते माझ्या सगळ्या हुशारीला पुरून उरलं. व्याजदर चढले नाहीत, एकामागून एका देशानं ते उतरवले. फंड चढायला लागला. आम्ही उसने घेतलेले युनिट रोज थोडे थोडे महागात विकत घेऊन परत करत होतो. डेस्कवर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं आणि साहेब माझ्या खुर्चीच्या मागून न थांबता जात होते. ते एक वेळ सहन झालं असतं. पण मास्तरांनी माझं तोंड बघून पैसे बाहेर ठेवले नसते, तर दुकानाची रक्कम आज चांगली फुगली असती. मी घरी त्यांच्या समोर बसायचं टाळायला लागले. भूक नाही म्हणायचं आणि आत जाऊन पडायचं.

तरी एकदा त्यांनी जेवताना गाठलंच.

"फंड चढलाय ना?"

"हो."

"म्हणजे आता महागात घेऊन परत द्यायचे."

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडून घेतली. तुझ्यामुळे माझं नुकसान झालं, असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी स्वागतकक्षातल्या मुलीचा फोन आला की कुणीतरी भेटायला आलंय आणि काय काम आहे ते सांगत नाही. बाहेर गेले तर काचेच्या दाराशेजारच्या सोफ्यावर, अगदी कडेला, मास्तर. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. त्या गुडघ्यांनी दोन बस बदलून आले होते. मी धावतच जवळ गेले.

"आई बऱ्या आहेत ना?"

"तिला काय झालंय? तिनंच शर्टाला इस्त्री करून दिली. बस."

मी बसले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली आणि आतले कागद माझ्या हातात दिले. त्यांच्या जुन्या युनिटांचं स्टेटमेंट, आणि ते युनिट माझ्या नावावर करायचा अर्ज. सही केलेली होती, तीही ठिकठिकाणी, कुठे लागेल सांगता येत नाही म्हणून.

"फंडाच्या ऑफिसात विचारून आलो," ते हळू आवाजात म्हणाले. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तू परत करतेयस ना, त्यात हे घाल. फुकटचे आहेत, बाजारातून तेवढे कमी घ्यावे लागतील. दुसऱ्याची वस्तू अडकून राहिली की झोप लागत नाही माणसाला. मी बघतोय ना, जेवत नाहीस."

ती उधारी कंपनीची आहे, माझी नाही. घरचे युनिट त्यात घालता येत नाहीत. आणि आम्हाला परत करायच्या युनिटांपुढे हे इतके थोडे होते की घातले असते तरी कुणाला दिसले नसते. हे सगळं मला व्यवस्थित समजावून सांगता आलं असतं, तेच माझं काम आहे. पण मी कागदांच्या कडा नुसत्या नीट करत बसले.

"पुरतील ना गं?" त्यांनी विचारलं.

"पुरून उरतील, बाबा," मी म्हणाले.