गोवा की हिमाचल, दर शुक्रवारी

आमच्या घरात भांडणाचा विषय एकच आहे आणि त्याला शुक्रवारची दुपार ठरलेली आहे. नवरा जुम्म्याची नमाज पढून येतो, बिर्याणी खातो, हात धुतो, सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो आणि विचारतो, "मग काय ठरवलंस? गोवा की हिमाचल?" जणू मीच अडवून ठेवलंय. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना तो 'तो'च राहू दे, तेवढी सूट मला द्या.

प्रश्न साधा आहे. इथली, सौदीतल्या जुबैलची नोकरी संपली, कायमचं परत जायचा, फायनल एक्झिटचा शिक्का पडला, की राहायचं कुठे? रायगडातलं सासरचं घर भावाभावांत वाटलं गेलंय. आमच्या वाट्याच्या खोल्यांत धाकटे दीर राहतात आणि त्यांना उठवायचं आमच्या दोघांच्याही मनात नाही. गोव्यात माझी नणंद असते, तिच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा आहे. हिमाचलात नवऱ्याच्या प्लांटवरच्या एका फोरमनचं घर आहे, शिमल्याच्याही वर, सफरचंदाच्या बागेत. त्याचा वरचा मजला तो आम्हाला भाड्याने द्यायला एका पायावर तयार आहे. एकीकडे समुद्र आणि बारमाही घाम, दुसरीकडे चार वेगवेगळे ऋतू. तिकडची माणसं आमची वाट बघून कंटाळली, पण आमचं घोंगडं भिजत पडलेलं.

मी गोवा म्हटलं की त्याला हिमाचलची हवा आठवते. मी हिमाचल म्हटलं की त्याला माझे गुडघे आठवतात. एरवी माझे गुडघे त्याच्या खिजगणतीत नसतात. भाजीच्या पिशव्या दुसऱ्या मजल्यावर मीच चढवते, तेव्हा त्यांची चौकशी होत नाही. "थंडीत तुझं कसं होईल?" असं तो इतक्या मायेने विचारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, काय नवरा आहे. माझ्या डोक्यात मात्र तिडीक जाते.

सगळ्यांनी गृहीत धरलंय की मला समुद्रच हवा. मी समुद्रकाठची, माहेर खाडीवर, सासर बंदरावर, आणि लग्नानंतर आले तीही दुसऱ्या समुद्राकाठी. पण म्हणूनच तर नको. माझं अख्खं आयुष्य ओल्या पाठीने गेलंय. इथे उन्हाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मी पायरीवर आंधळ्यासारखी उभी राहते. नळाचं थंड पाणी चहाला ठेवावं इतकं तापलेलं येतं, म्हणून आम्ही उन्हाळ्यात गीझर बंद करतो आणि त्याच्या टाकीत घरातल्या एसीने निवलेलं पाणी आंघोळीला घेतो. गरम नळातून थंड आणि थंड नळातून गरम. नवीन आलेल्या बायकांना हे मी हसत हसत शिकवते. आताशा हसू येत नाही.

मी शेजारपाजारच्या मुलांची ट्यूशन घेते. त्यांच्या पुस्तकात ऋतूंचा धडा आहे आणि पानगळीचं एक रंगीत चित्र आहे. एका मुलीने विचारलं, "आंटी, ये पेड़ मर गया क्या?" मी तिला समजावलं की मेलेलं नाही, पुन्हा पालवी येते. सांगताना लक्षात आलं की मीही हे पुस्तकातूनच सांगतेय. मला ते एकदा बघायचं होतं. झाड रिकामं होताना, आणि त्याच झाडाला पुन्हा पान फुटताना, त्याच खिडकीतून. एवढीच माझी हौस, आणि ती काही फार मोठी नव्हती.

बरं, दोन्ही ठिकाणं आम्ही बघितली नव्हती असंही नाही. बघितली होती, पण जुलैत. आम्हा आखाती लोकांचा भारत जुलैतच भेटतो. मुलांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच. आणि नवऱ्याच्या कामाचं असं, की प्लांट बंद करून आतली सगळी यंत्रं उघडायची, तपासायची आणि पुन्हा जोडायची, याला शटडाऊन म्हणतात, आणि ते होतं हिवाळ्यात. भर उन्हात इथे लोखंडाला हात लावायची सोय नसते. प्लांट बंद म्हणजे माणसांची रजाही बंद. त्यामुळे मुलगी शाळेत होती तोवर सोडाच, ती पुण्याला कॉलेजात गेल्यावरही आम्ही जुलैतच जात राहिलो.

गोवा आम्ही बघितला तो बुरशी आलेल्या भिंतींचा, दोरीवर न वाळणाऱ्या कपड्यांचा. हिमाचल बघितलं ते धुक्याने भरलेल्या खिडकीतून. दरड कोसळून रस्ता बंद झाला, आम्ही हॉटेलात पत्ते खेळलो आणि परत आलो. आणि यावर आम्ही दर शुक्रवारी तज्ज्ञांसारखे बोलत होतो.

आमच्याच लोकांकडून ही चूक होते, दुसऱ्या कुणाकडून नाही. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या, रत्नागिरीकडच्या एका कुटुंबाने सुट्टीत जागा घेतली, कारण कुंपणाला लागून ओढा खळखळत होता. पुढच्या सुट्ट्यांमध्ये घर बांधलं, ओढ्याकडे तोंड करून गॅलरी काढली. दर खेपेला ओढा वाहतच होता. मग फायनल एक्झिट घेऊन गेले आणि पहिल्याच मार्चमध्ये बाईंचा मला फोन आला. गॅलरीसमोर नुसते धोंडे. गावातल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की तो ओढा दिवाळीपर्यंतचाच. यांना कुणी विचारलं नाही आणि यांनी कुणाला विचारलं नाही. तो फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "आपण जानेवारीत जाऊन बघायचं. त्याशिवाय ठरवायचं नाही."

"इन्शाअल्ला," तो म्हणाला.

त्या जानेवारीत शटडाऊन लांबलं. त्याच्या पुढच्या जानेवारीत तिकिटंही काढली होती, तर त्याच्या कामावरच्या जोडीदाराची बदली यान्बूला झाली आणि याला सोडेनात. तो घरी येऊन म्हणाला, "खलास, या वर्षी काही होत नाही," आणि बूट काढून शांतपणे जेवायला बसला. मी उघडलेल्या बॅगेत लोकरीचे मोजे ठेवत होते. तो इतका शांत कसा, हे मला तेव्हा टोचलं होतं, पण रागाच्या भरात मी त्याचा विचार केला नाही.

मग यंदा फोरमनने निरोप दिला की उन्हाळ्यापर्यंत आलात तर मजला तुमचा, नाहीतर त्याचा भाऊ दुसरं कुणी बघेल. नणंदेनेही तेच सुनावलं. मी म्हटलं, मी एकटी जाते. नवरा हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने एक्झिट-रीएन्ट्री, म्हणजे जाऊन परत यायचा परवाना, काढून दिला. दम्मामहून दिल्ली, तिथे पुण्याहून मुलगी आली आणि आम्ही दोघी वर गेलो.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला रडू आलं. थंडी नाकातून डोक्यात शिरत होती. सकाळी नळ गोठलेला, बादलीत बर्फाची चकती. मुलगी रजईतून तोंड बाहेर काढून म्हणाली, "मम्मा, सिरियसली? यू वॉन्ट टू लिव्ह हिअर?" फोरमनच्या बायकोने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. तिथे मध्यावर लोखंडी शेगडी, तिला तंदूर म्हणतात, आणि सगळं घर तिच्याभोवती बसलेलं. तिने माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "दीदी, आपने अच्छा किया जनवरी में आईं. जून में तो सबको पसंद आ जाता है."

दुपारी ऊन आलं. नळ सुटला. मी वरच्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहिले. खाली बागेतली सगळी झाडं नागडी, काळी, त्यांच्या बुंध्याशी बर्फ. एक पान नव्हतं. माझे गुडघे दुखत होते आणि मला तिथून हलावंसं वाटेना. कित्येक वर्षांत मी इतकी खूश झाले नव्हते. मुलगीही चौथ्या दिवशी तंदूरपाशी बसून मटार सोलायला लागली.

परतताना मी गोव्यालाही गेले, न्याय दोघांनाही हवा. जानेवारीतला गोवा सुरेख होता. संध्याकाळी चक्क शाल घेतली. नणंदेने माझ्यासाठी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या, मुद्दाम ओला मसाला वाटून. मनात म्हटलं, इथेही राहता येईल. पण मन वर राहिलं होतं. आता दोन्ही जागांचं मला ठाऊक होतं आणि मी ठरवलं होतं.

जुबैलला आले तो गुरुवार होता. शुक्रवारी बिर्याणी केली. तो नमाजहून आला, सोफ्यावर बसला आणि या खेपेला त्याने विचारायच्या आत मीच म्हटलं, "हिमाचल."

"पण नळ गोठतात म्हणालीस ना?"

"गोठतात. दुपारी सुटतात."

"तुझे गुडघे?"

"दुखतात. इथेही दुखतात."

"रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर?"

"बरं, मग गोवा. मला गोवाही चालेल. पण आत्ता सांगा, जेवायच्या आधी."

त्याने ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "उत्तराखंडही एकदा बघायला हवं होतं. तिकडचा एक जण नवीन आलाय आमच्याकडे."

मी हातातला डाव खाली ठेवला. इतके दिवस मी याला धरसोड समजत होते, चालढकल समजत होते. दोन राज्यांमध्ये याचं मन ठरत नाही म्हणून मी त्याला माहिती पुरवत होते, तुलना करत होते, बर्फातून जाऊन आले होते. "तुम्हाला जायचंच नाहीये ना?" मी विचारलं.

त्याने ताट जरा लांब सरकवलं. मग हळूच म्हणाला, "इथे पहाटे कंपनीची बस येते. चार माणसं ओळखतात, कामाचं विचारतात. तिथे सकाळी उठून मी काय करू?"

मला त्याची कीव आली. खरंच आली. उतारवयाकडे आलेला माणूस, बसशिवायची सकाळ ज्याला सुचत नाही. पण कीव आली त्याच्या दुप्पट राग आला. हे एक वाक्य तो पहिल्याच शुक्रवारी बोलला असता तर मी माझ्यापुरतं काही बघितलं असतं. त्याने खोटं बोलून फसवलं नाही. त्याने फक्त मला दोन राज्यांमध्ये फिरवत ठेवलं, म्हणजे तिसऱ्या ठिकाणी त्याला निवांत बसता यावं. आणि मी बसले, गीझर बंद-चालू करत.

"तुम्ही राहा," मी म्हटलं. "बस येतेय तोवर राहा. माझं फायनल एक्झिट काढा."

"रीएन्ट्री म्हणतेस?"

"फायनल. मार्चमध्ये जाते. झाडांना पालवी फुटायच्या आत पोचायचंय. सुट्टी मिळाली की तुम्ही या तिकडे."

इथे बायकोचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्यावर असतो. ती आणायची त्याच्या बोटाने आणि पाठवायची तीही त्याच्याच बोटाने. त्याने माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करत नाही हे त्याला दिसलं. मग त्याने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. फोन हातात घेतला, परवान्यांचं सरकारी ॲप उघडलं, आणि थोड्या वेळाने वर न बघताच म्हणाला, "शुक्रवारी हे नीट चालत नाही गं. उद्या बघू या."

मी ताटं बाजूला सारली आणि त्याच्या शेजारी सोफ्यावर बसले.

"चालेल तेव्हा चालेल," मी म्हटलं. "मी बसलेय."