मूठभर ज्वारीचं वजन

मी बी.कॉम. झालेली आहे, हे आमच्या घरात कुणी विचारत नसलं तरी मी सांगत असते. नवऱ्याला तर ते इतक्यांदा ऐकवलंय, की मी हिशेबाचा विषय काढला की तो चष्मा शोधायला उठतो. चष्मा बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांवरच असतो.

ऑनलाइन दुकान काढायचं डोक्यात आलं ते सासूबाईंमुळे. आमच्या तुळजापुरात देवीला येणारे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात आणि हातात परडी घेऊन जोगवा मागतात. त्या माळा ओवायच्या आणि परडीच्या काठाला कवड्या शिवायच्या, हे काम सासूबाई लग्न होऊन आल्यापासून करत आल्या. मंदिराच्या वाटेवर पथारी टाकून विकायच्याही त्याच. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बसणं सुटलं. त्या घरात आल्या, भिंतीला टेकल्या आणि आठवडाभरात अर्ध्या झाल्या. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. मी विचारलं तर म्हणाल्या, "हाताला काम न्हाय तर दिवस लई मोठा हुतो गं." मला भीती वाटली. ही बाई अशीच भिंतीला टेकून संपणार, असं स्पष्ट दिसायला लागलं.

म्हणून मी एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर दुकान थाटलं. फोटो मी काढले, माहिती मी लिहिली, माळा आणि परड्या सासूबाईंच्या. पहिली ऑर्डर नाशिकहून आली तेव्हा मी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावापुढे 'उद्योजिका' असं लिहून टाकलं. सासूबाई पुन्हा सुईदोरा घेऊन बसल्या, भाकरी मागून खायला लागल्या, शेजारणीला "माझी परडी पार सुरतला गेली" असं सांगायला लागल्या. मी दोन्ही श्रेयं घेतली, धंद्याचं आणि त्यांच्या तब्येतीचंही.

मग कंपनीचे निरोप यायला लागले. निरोपाची सुरुवात नेहमी गोड. 'आपल्या प्रगतीसाठी आम्ही दरांमध्ये सुधारणा करत आहोत.' सुधारणा म्हणजे कमिशन वाढलं. मग प्रत्येक ऑर्डरवर एक ठरलेली फी आली. मग पैसे गोळा करण्याची फी आली, म्हणजे माझेच पैसे मला द्यायचे कष्ट ते घेतात त्याबद्दल. गिऱ्हाइकानं माल परत केला की जातानाचं भाडं माझं आणि येतानाचंही माझं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, बोलतो कमी. तो एवढंच म्हणाला, "तू दुकान चालवतेस, की कंपनीला पोसतेस?" मी त्याला बी.कॉम.ची आठवण करून दिली.

हे सगळं मी गिळलं असतं, पण वजनावरून माझं डोकं फिरलं. कंपनीचा नियम असा, की अर्ध्या किलोच्या आत पार्सल असलं तर एक भाडं, त्याच्या वर गेलं की पुढचं. मी मुद्दाम हलका खोका शोधून काढला होता. परडी आणि खोका मिळून अर्ध्या किलोच्या जरा आतच बसायचं. रोज सकाळी मी स्वतः काट्यावर ठेवून बघायची, ॲपवर आकडा टाकायची आणि स्वयंपाकाला लागायची. पुढं बांधाबांध सासूबाई करायच्या. आणि तरीही कंपनी दर खेपेला कळवायची, की आपलं पार्सल जड भरलं, फरक कापून घेतला आहे. सोबत त्यांच्या काट्यावर ठेवलेल्या माझ्या खोक्याचा फोटो. फोटो खोटा आहे, असा निष्कर्ष मी काढला.

मी तक्रारी लिहायला लागले. दुपारी भांडी आवरली, की मोबाईल घेऊन बसायचं. तिकडून उत्तर यायचं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' मी लिहायची, भावना नका समजू, वजन समजा. ते पुन्हा भावनाच समजायचे. पलीकडे माणूस नाही, यंत्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला ताई म्हणत होते, कारण त्याला बाईचं नाव दिलेलं होतं.

मग मी जिल्ह्यातल्या नाडलेल्या विक्रेत्यांचा ग्रुप काढला. नळदुर्गचा एक काळा मसाला विकणारा, बेंबळीच्या पापडवाल्या बायका, तामलवाडीचा एक घोंगड्यांचा माणूस, असे जमले. फीवाढीनं सगळेच कावले होते, पण वजनाची लढाई माझी एकटीची होती आणि तिची पुढारी मीच. मी रोज सकाळी ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकायची. शेवटी ठरलं, की नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यावर सगळ्यांनी भेटायचं आणि मिळून तक्रार करायची. मी म्हटलं, मी पुराव्यासकट येते.

पुरावा म्हणजे घरचा वजनकाटा आणि त्या दिवशी कुरिअरला जायला तयार असलेलं एक बंद पार्सल. नवऱ्यानं मोटारसायकलवर सोडलं आणि ढाब्यावर चहा पीत बाजूला बसला. मी भाषण केलं. चांगलं झालं असणार, कारण ट्रकवालेही जेवता जेवता ऐकत होते. "कंपनीचा काटा खोटा आहे," मी म्हटलं, "आणि हे मी तुमच्यासमोर सिद्ध करते." टेबलावर काटा ठेवला, त्यावर पार्सल ठेवलं.

आकडा अर्ध्या किलोच्या वर गेला. बराच वर.

मी पार्सल उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं. आकडा तोच. टेबल डगमगतंय म्हणून काटा जमिनीवर ठेवला. तोच. तेव्हा पापडवाल्यांपैकी एक बाई म्हणाली, "अवो ताई, उघडून तरी बघा की आत काय हाय." मी चिकटपट्टी फाडली, परडी बाहेर ओढली, आणि तिच्यातून पांढरीशुभ्र ज्वारी टेबलभर सांडली. मसालेवाल्यानं चार दाणे उचलून तळहातावर बघितले आणि म्हणाला, "मालदांडी दिसतीया. झ्याक हाय." माझा नवरा चहात डोकं घालून हसत होता, खांदे हलत होते म्हणून कळलं. मसालेवाला भला माणूस. त्यानं विषय सावरला, "तुमचं ऱ्हाऊ द्या ताई, फी तर खरंच वाढलीया." ते खरंच होतं. पण माझ्या सहीच्या तक्रारीवर सही करायला मग कुणी पुढं आलं नाही.

घरी आले ती थेट सासूबाईंसमोर. "आई, तुम्ही परडीत ज्वारी घालता?"

"मग? रिकामी द्यायची व्हय?"

"मला सांगायचं तरी!"

"भाजीत मीठ घातलं, हे तू सांगत फिरतीस का?" त्यांनी सुईतून दोरा ओढला. मग माझं तोंड बघून सावकाश म्हणाल्या, "परडी मागायची असती. पैली मूठ परडी करणाऱ्यानं घालायची, म्हंजी म्होरं मागणाऱ्याला दारात हुबं ऱ्हायला लाज वाटत न्हाय. माझ्या सासूनं सांगितलं मला. आमी रिकामी परडी कुणाच्या हातात कधी दिली न्हाय."

मी त्यांना भाड्याचा हिशेब समजावला. फी, कमिशन, अर्ध्या किलोची रेषा, सगळं. या मुठीपायी आपल्याला परडीमागं काहीच उरत नाही, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. त्यांनी डब्यातून ज्वारीची मूठ काढली, परडीत घातली, परडीला लावलेला हात नमस्काराला कपाळाशी नेला आणि मग परडी तिरकी करून सगळी ज्वारी परत डब्यात ओतली. एक दाणा वेतात अडकला होता, तो बोटानं काढला. पुढची परडी घेतली, तेच. सगळ्या परड्यांना असंच नुसतं दाखवलं.

मला वाईट वाटलं, पण पार्सल अर्ध्या किलोच्या आत भरलं, म्हणून मी गप्प बसले.

आठवड्यानं त्या म्हणाल्या, बोटं दुखत्यात. मग म्हणाल्या, डोळ्याला दिसंना. सुईदोरा डब्यात गेला, आणि त्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. ताटातली भाकरी अर्धी तशीच राहायला लागली. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे.

अशात कंपनीचा नवा निरोप आला. आणखी एक सुधारणा. मी जेवण टाकून मोबाईल घेऊन बसले आणि विनंती लिहायला लागले, की मी छोटी विक्रेती आहे, सवलत द्यावी, आपली कृपा व्हावी. लिहिता लिहिता जाणवलं, की सासूबाई भिंत धरून उठल्यात. ज्वारीच्या डब्याचं झाकण वाजलं. त्या गुडघे सांभाळत माझ्यापर्यंत आल्या, माझा पदर पसरला आणि त्यात एक मूठ घातली.

"तू बी रोज मागायलाच बसतीस की त्यांच्या दारात," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पदरानं नगं बसू."

त्या चेष्टा करत नव्हत्या. मला आधी हसू आलं आणि मग जे रडू आलं ते आवरेना. लिहिलेली विनंती मी पुसली. एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं ॲपवर परडीचं वजन वाढवलं, भाड्याचा वरचा टप्पा निवडला, किंमत चढवली. आता परड्या कमी जातील, हे मला कळत होतं, बी.कॉम. नसतानाही कळलं असतं.

"आई," मी म्हटलं, "किंमत वाढवलीय. गिऱ्हाईक कमी होईल. पण उद्यापासून मूठ घालूनच पाठवू."

"उद्यापासून कशाला?" त्या खाली बसत म्हणाल्या. "सुईदोरा आण."