सर्व्हर रीस्टार्ट होण्याआधी

"सर्व्हर रडतोय सर. रीस्टार्ट मारू या?" पार्टिशनपलीकडून आमचा सिनिअर म्हणाला. सर क्लायंटशी फोनवर होते. त्यांनी हातानेच थांब म्हटलं. सिनिअर स्वतःशीच हसला, "कोणाचं पाप आहे कोण जाणे."

माझंच होतं. दादरच्या त्या छोट्या ऑफिसात मी नवीन होते. एका हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या ड्युट्या लावणारा प्रोग्राम मी प्रोलॉग नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहीत होते. दर वॉर्डासाठी एक वेगळी प्रोसेस, म्हणजे मशीनवर स्वतंत्र चालणारं एक काम, सुरू करायची, तिने त्या वॉर्डाचं उत्तर शोधायचं आणि संपायचं, एवढंच. पण प्रोलॉगला उत्तर मिळालं नाही की ते मागे फिरून उरलेले पर्याय चाचपतं. आणि नव्या प्रोसेसकडे मूळ प्रोग्रामचे उरलेले पर्यायही जसेच्या तसे येतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका वॉर्डाचं उत्तर मिळालं नाही. ती प्रोसेस संपण्याऐवजी मागे फिरली आणि पुढच्या वॉर्डांसाठी स्वतःच नव्या प्रोसेस काढू लागली. त्यांनीही तेच केलं.

एक मारेपर्यंत, म्हणजे बंद करेपर्यंत, आणखी उगवत होत्या. मग माझ्या अकाउंटला एका वेळी जितक्या प्रोसेस चालवता येतात, ती मर्यादा संपली. सगळ्यांना एकदम मारणारी कमांड चालवायलाही एक नवी प्रोसेस लागते, तीच मिळेना.

रीस्टार्ट झालं असतं तर चूक माझी होती हे कुणाला कळलं नसतं. पण त्याच मशीनवर माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंचं काम सोमवारपासून चालू होतं, मधेच तुटलं तर पहिल्यापासून करावं लागणारं. ताई त्यांच्या चाळीतल्या खोलीच्या कामाला नायगावला गेल्या होत्या. फोन लागत नव्हता.

माझ्या मराठीवरून सिनिअर मला 'कॉन्व्हेंट' म्हणायचा, त्यामुळे मी ऑफिसात फारसं बोलतच नसे. आताही वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, आणि दोन्ही विसरले. सरांनी फोन ठेवला. "मार रीस्टार्ट," ते म्हणाले. मी उठले तेव्हा खुर्ची मागे भिंतीवर आपटली. दोघांनी वळून पाहिलं.

"सर, रीस्टार्ट नको, ताईंचं काम जाईल. त्या प्रोसेस माझ्या आहेत. ॲडमिनच्या अकाउंटवरून आधी सगळ्या जागच्या जागी थांबवा, मग मारा. एकेक मारलीत तर परत होतील."