नवरीला रडवायचं काम माझं नव्हतं

"काढ तो फोटो. आत्ताच्या आत्ता काढ, नाई तं मी काच फोडतो."

नवरीचा बाप गडचिरोलीतल्या माझ्या स्टुडिओसमोर उभा राहून ओरडत होता. आवाज असा की एटापल्लीच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारायची विसरला आणि गाडी भरलेली तशीच स्टँडवर उभी राहिली. हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. थोडं कमी-जास्त असेल.

स्टुडिओ म्हणजे टिनाची एक खोली आणि समोर काचेची शोकेस. जिल्हा नवाच झाला होता, ऑफिसं उघडत होती, ज्याला त्याला अर्जावर चिकटवायला स्वतःचं तोंड लागत होतं. त्या तोंडांवर माझी चूल पेटायची. पण नुसती तोंडं काढून कुणी फोटोग्राफर होत नाही. मला लग्नं पाहिजे होती. कॅमेरा नागपूरहून आणलेला, आधी दोन मालकांनी वापरलेला. फ्लॅश असा की एकदा मारला की पुन्हा भरेपर्यंत नवरानवरीला पहिलं लेकरू व्हावं. रोल धुवायला बसनं नागपूरला जायचा आणि परत यायला इतके दिवस घ्यायचा की वाटेत तो चार ठिकाणी पाहुणचार घेत असावा.

अशा सरंजामात मी एका धानवाल्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न काढलं, आणि त्यातला एक फोटो असा आला की मी स्वतःच त्याच्यासमोर जेवायला बसायचो. पाठवणीची वेळ. नवरी बैलांच्या रेंगीत चढते आहे, एक हात दांडीवर, पदर घसरलेला. सभोवती बायका नाक पुसतात, आई कोसळायच्या बेतात, आणि मधोमध ही पोरगी मोकळी हसते आहे. सगळे दात दिसतात. मी तो मोठा करून शोकेसमध्ये लावला. बाजाराला आलेल्या बाया काचेला नाक लावून उभ्या राहायच्या.

आता तिचा बाप काच फोडायला आला होता.

"गावभर म्हणून राह्यले," तो म्हणाला, "पोट्टीले मायबापाचं काईच नाई. घर सोडतानी दात काढून राह्यली. अल्बम पाहाले येते तो हेच म्हन्ते. तूच हसवली तिले."

"मी काऊन हसवू, भाऊ? मी फोटो काढतो. तमाशा नाई करत."

"मंग ते आपल्या मनानं हसली?"

"मले काय माहीत?"

"माही पोट्टी तशी नाई," तो म्हणाला आणि काचेवर हात आपटला.

माझं डोकं असं तापलं की त्यावर भात शिजला असता. म्हणजे हसली ती, बदनामी गावानं केली, आणि गुन्हेगार मी. पण तोंड उघडायची सोय नव्हती. वैनगंगेकाठच्या गावांत या माणसाचा शब्द चालायचा. कुणाच्या घरी आचारी कोण, बाजा कोणाचा, सगळं याला विचारून. यानं 'पोट्टा बरा हाये' म्हटलं तर पुढच्या हंगामाची लग्नं माझी. 'नोको' म्हटलं तर मी जन्मभर अर्जावरची तोंडं काढत बसणार.

"मले रडतानचा फोटो पायजे," तो म्हणाला. "पुन्हा काढ."

"रडणं होऊन गेलं ना भाऊ."

"पुन्हा करू."

आणि त्यांनी खरंच केलं. मुलगी माहेरी आलीच होती. जावयाला बोलावणं गेलं. तो आला तो मधल्या काळात मिशी भादरून. सासऱ्यानं त्याला पाटावर बसवून काजळानं मिशी काढून दिली, आणि जरा जास्तच दिली. वाळलेला मांडव कधीच उतरवला होता, म्हणून जांभळाच्या ताज्या फांद्या तोडून एका बाजूपुरता नवा घातला. रेंगी तीच, बैल तेच. शेजारपाजार धुतलेली लुगडी नेसून हजर.

सजलेली मुलगी दारात आली आणि तिच्या आईनं हंबरडाच फोडला. मी म्हटलं, "माय, थांबा, रोल भरू द्या." ती थांबली. रोल भरला, मी मान हलवली, तिनं पुन्हा सुरू केलं. भांडणामुळे लग्नाला न आलेली एक चुलती तर अशी रडली की राहिलेलं सगळं वसूल केलं. काजळाची मिशी घामानं ओघळून हनुवटीवर आली, तेव्हा जावईही रडल्यासारखा दिसू लागला.

रडत नव्हती फक्त नवरी.

आत्यानं चिमटा काढून पाहिला. कुणीतरी कांदा आणला. मी, ज्याचं हे काम नव्हतं, तो हात जोडून म्हणालो, "बाई, मायबापाची आठवण काढा."

"मायबाप समोरच हायेत ना," ती म्हणाली.

आता सांगा, माझं काय चुकत होतं? आजवर कुठल्या नवरदेवाला कुणी म्हटलं का, की बाबा, दोन टिपं गाळ, फोटो चांगला येईल? त्याच्या हातात कट्यार, ताठ मान, चेहऱ्यावर एक भाव नाही, तरी तो खानदानी. आणि ही बिचारी आपलं घर सोडून परक्या घरी जाते ती जाते, वर रडली किती, कसं, कुणाच्या गळ्यात पडून, याचा हिशेब गावानं घ्यायचा, आणि पुरावा मी द्यायचा. त्या क्षणी मला कॅमेरा नदीत फेकून धान पेरायला जावंसं वाटत होतं.

"रड ना वं," बाप माझ्या कानाशी ओरडला.

"भाऊ, तुमी इथी ओरडून काय होते," मी चिडून म्हणालो. "तिथी जा. त्या दिवशीच्या एकाही फोटोत तुमी नाई."

हे खरं होतं. पाठवणीच्या वेळी तो कुठंच सापडला नव्हता. दावं शोधायला गेला होता म्हणे, गुरांच्या कोठ्यामागं. दावं कसलं ते लोकांना ठाऊक होतं; परतला तो डोळे पुसतच. तो पुटपुटत जाऊन चाकापाशी उभा राहिला. मुलीला रेंगीत चढवायला म्हणून त्यानं तिचा हात धरला, आणि धरूनच राहिला. मग त्याचं तोंड वाकडं झालं. एवढा गाव हलवणारा गडी, पण आवाजच फुटेना.

"बाबा," ती म्हणाली, "काऊन?" आणि तिथंच तिचा बांध फुटला.

मी फ्लॅश मारला. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर भरलेला होता.

बापानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोट्टा बरा हाये. पुढच्या लग्नाइले हाच." मग माझ्याकडं वळून, "हा काचेत लाव. तो दुसरा फाड. त्याची फिलमबी फाड."

हंगाम मिळाला. पण माझा सगळ्यात चांगला फोटो गेला, आणि तोही न केलेल्या गुन्ह्यासाठी. मी दात-ओठ खात ओट्याच्या कडेला सामान बांधायला बसलो. तेवढ्यात ती मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली. डोळे अजून लाल होते.

"तो हसाचा फाडू नोका, भाऊ," ती हळू म्हणाली. "मले द्या."

"देतो," मी म्हटलं. "पण बाई, माह्यावर उगाच आळ आला. मी तुमाले हसवलं नाई, येवढं तं तुमी बापाले सांगाचं होतं. त्या दिवशी हसल्या तरी काऊन?"

तिनं रिकामा गडवा माझ्या हातातून घेतला.

"तुमी मांगं सरकत सरकत गव्हानीपाशी गेले होते. बैल तुमचा सदरा खाऊन राह्यला होता."