जिनाच्या क्लबाबद्दल कडूबाचं म्हणणं

नांदुऱ्यात ज्ञानगंगेच्या काठाला कडूबाचा भाजीचा मळा होता. वांगी, चवळी, मेथी आणि बांधावर दोडक्याचे वेल. सकाळी तो बाजारात भाजी नेई आणि दुपारपर्यंत मोकळा होई. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र तो भाजी बायकोच्या, गोजरबाईच्या डोक्यावर देऊन जेवणाआधीच जिनाच्या मैदानावर जाऊन बसे. त्या दिवशी तिथे फुटबॉल असे.

मैदान म्हणजे जिनाचं, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं आवारच. दिवाळीनंतर तिथे कापसाचे ढीग लागत, गाड्या उभ्या राहत. उन्हाळा संपता संपता जिन बंद झाला की जमीन रिकामी होई. मग दोन्ही टोकांना बांबू रोवले जात आणि काळ्या मातीवर चुन्याची रेघ पडे. जिनाचे मालक महादेवराव यांनी हा क्लब काढला होता. स्टेशनवरच्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना खेळ दाखवला आणि त्यांनी हमाल, गाडीवान, तेल्याची पोरं, जो पळेल तो उभा केला. सगळे अनवाणी. मलकापूरच्या संघाला त्यांनी इतक्या वेळा हरवलं होतं की तिकडून येणारे लोक गाडीतून उतरतानाच आवाज कमी करत.

कडूबा स्वतः कधी खेळला नाही. तो ओरडे. कोपऱ्यातल्या बाभळीखाली त्याची जागा ठरलेली होती. सामना सुरू होण्याआधी तो उठून उभा राही, दोन्ही हात तोंडाशी नेई आणि क्लबाचं नाव घेऊन लांब हाक देई. ती हाक उतरत आली की सगळं मैदान तिला उत्तर देई. महादेवराव खुर्चीत बसलेले असत. कडूबाची हाक झाल्याशिवाय ते पंचाला शिट्टी वाजवू देत नसत. कडूबाला आयुष्यात तेवढा एकच मान मिळाला होता आणि दुसरा त्याला नको होता.

गोलात उभा राही तुळशीराम. स्टेशनवर कापसाच्या गाठी उचलणारा, रुंद खांद्यांचा, बोलायला अगदी कमी. चेंडू येताना तो हलत नसे, पाहणाऱ्याला वाटे झोपला आहे. मग एकदम हात पुढे आलेला दिसे आणि चेंडू त्यात असे. कडूबा म्हणे, ‘वासरू गोठ्यात येते तसा चेंडू त्याच्याकडे येते.’

महादेवराव गेले आणि क्लब त्यांच्या मुलाकडे, उत्तमरावांकडे आला. उत्तमराव वाईट माणूस नव्हते. वडिलांच्या खुर्चीत ते दर रविवारी येऊन बसत, पण पाहत असत आभाळाकडे. क्लबाचा कारभार त्यांनी आपल्या मेव्हण्याकडे, इंद्रभानकडे दिला. इंद्रभान नागपूरला शिकून आलेला, हसतमुख, उत्साही. त्याने पहिल्या महिन्यातच सगळ्यांसाठी बूट आणले आणि सांगितलं की इथून पुढे बुटाशिवाय कोणी मैदानात उतरायचं नाही.

वऱ्हाडची काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. अनवाणी पायाचा चिखल पुढच्या पावलाला सुटतो. बुटाचा सुटत नाही, वाढत जातो. पहिल्याच सामन्यात, अर्ध्या वेळेआधीच पोरांच्या पायांना पायलीएवढे गोळे लटकले. कोणी पडला, कोणी बूट चिखलात ठेवूनच पुढे पळाला. तुळशीरामने बूट घातलेच नाहीत. त्याने ते धुऊन, पुसून इंद्रभानच्या हातात परत दिले आणि घरी गेला. पुढच्या रविवारी गोलात इंद्रभान स्वतः उभा होता.

ते दोन पावसाळे लोकांनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. जुनी पोरं एकेक करून सुटली. त्यांच्या जागी उत्तमरावांच्या सासरचे, मामेसासरचे, पाहुण्यांचे पाहुणे आले. मलकापूरने पाच गोल केले त्या दिवशी कडूबाची हाक उत्तराविनाच राहिली. लोक उठून गेले नाहीत, एवढंच.

बाजारात कारभारी नावाच्या शिंप्याच्या ओट्यावर रोज तीच चर्चा. शेवटी पाचसहा जणांनी उत्तमरावांकडे जायचं ठरवलं. उत्तमरावांनी त्यांना गादीवर बसवलं, चहा पाजला, सुपारी दिली, पिकापाण्याची चौकशी केली आणि दारापर्यंत सोडायला आले. मंडळी खुशीत बाजारापर्यंत आली तेव्हा कारभारी थांबून म्हणाला, की अरे, क्लबाचं तर कोणी बोललंच नाही.

‘तू काऊन नाही बोलला बे?’ कडूबाने विचारलं.

‘माझ्या तोंडात सुपारी होती.’

मग पोळा आला. पोळ्याला गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेल्या बैलजोड्या त्याखाली उभ्या राहतात आणि तोरण तुटण्याआधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे जमवलेल्या चार ओळी. त्यात पाटील, सावकार, जावई, कोणालाही टोमणा मारता येतो आणि ज्याला लागेल त्याने रागवायचं नाही, ही रीत. त्या वर्षी कडूबाने आठ दिवस वांग्यांच्या ओळींतून फिरत झडती जमवली. गोजरबाईला वाटलं याला ताप आहे.

उत्तमरावांची जोडी मानाची, सगळ्यांत पुढे. शेजारी इंद्रभान नवा फेटा बांधून उभा. कडूबा गर्दीतून पुढे आला, हात तोंडाशी नेले आणि मैदानावर देई तशीच लांब हाक देऊन म्हणाला:

‘दोन बांबूच्या मधात उभे केले साळे,
चेंडू म्हणे, पाव्हणे, कुठीच नाही टाळे.
पाच गोल खाल्ले तरी भूक नाही गेली,
मालकानं टीम आमची सासुरवाडीले देली!’

सगळी वेस हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांत जास्त हसले उत्तमराव. इंद्रभानने पुढे येऊन कडूबाच्या पाठीवर थाप मारली, पुन्हा एकदा म्हणायला लावली, आणि उत्तमरावांनी आपल्या खांद्यावरचा शेला काढून त्याच्या खांद्यावर घातला. तोरण तुटलं, बैल उधळले. कडूबा घरी आला तो लग्नातल्या नवरदेवासारखा.

पुढच्या रविवारी गोलात इंद्रभानच होता. चेंडू बांबूंमधून गेला की लोक एकसुरात ‘कुठीच नाही टाळे’ म्हणत आणि हसत. इंद्रभानही हसून हात हलवी. कडूबाच्या लक्षात आलं, की महिन्यापूर्वी हेच लोक दात आवळून बसत होते. आता त्यांना हरण्यातही गंमत येऊ लागली होती, आणि ती गंमत त्याने दिली होती.

मग एके संध्याकाळी उत्तमरावांकडून बोलावणं आलं. अकोल्याचे पाहुणे आले होते, त्यांना ती झडती ऐकायची होती. कडूबा गेला. अंगणात उभं राहून त्याने ती म्हटली. पाहुण्यांनी वाहवा केली. आतून त्याला पुरणपोळी आणि वाटीभर तूप आलं. ते त्याने खाल्लं आणि मळ्यात परत येऊन पाय न धुताच बसला.

गोजरबाई चवळीच्या शेंगा निवडत होती. तिने वर न पाहता विचारलं, काय झालं.

‘त्याहिले लय आवडली.’

‘मंग तोंड काऊन असं?’

‘तुळशीरामचं नाव बी कोणी घेतलं नाही.’

गोजरबाईने शेंगांचा पसा टोपलीत टाकला. ‘पोळ्याच्या दिवशी म्हटलं तुम्ही. त्या दिवशी बैलाले बी पुरणपोळी भेटते. दुसऱ्या दिवशी जू त्याच्याच मानेवर असते ना?’

हे तिने काही शिकवायचं म्हणून म्हटलं नव्हतं. ती पुन्हा शेंगांकडे वळली. पण कडूबाला ते लागलं. ज्या दिवशी काहीही बोललं तर चालतं, तोच दिवस त्याने बोलायला निवडला होता.

दोन दिवसांनी, साध्या बुधवारी, भाजी विकून झाल्यावर तो टोपली डोक्यावर घेऊन सरळ जिनात गेला. शेला घडी करून टोपलीत ठेवला होता. उत्तमराव एकटेच बसले होते. कडूबाला पाहून त्यांना हसू आलं. त्यांनी विचारलं, नवी झडती जमली की काय.

कडूबा बसला नाही. सुपारीचं तबक पुढे आलं, त्याने हात जोडले.

‘पोळ्याले मी म्हटलं ते मजाक नव्हती, भाऊसाहेब. मले तसंच म्हणायचं होतं.’

उत्तमरावांचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू विझलं.

कडूबा सांगत गेला. जमवलेलं काही नव्हतं, म्हणून त्याला थांबत थांबत बोलावं लागलं. बुटाचं सांगितलं, मातीचं सांगितलं, सोडून गेलेल्या पोरांची नावं घेतली. इंद्रभानजी माणूस चांगला आहे, पण त्यांना गोलात उभं करून आपण त्यांचीही फजिती करतो, असं म्हणाला. तुळशीरामला परत बोलवा, एवढंच त्याचं मागणं होतं.

‘क्लब आमचा आहे, कडूबा,’ उत्तमराव म्हणाले. ‘मैदान आमचं, चेंडू आमचा. तुला त्यात काय तोटा?’

‘हाव, सगळं तुमचं हाये. पाहणारे तेवढे तुमचे नाहीत.’

बाहेर पत्र्यावर चिमण्या उतरत होत्या. मग उत्तमराव अगदी हळू म्हणाले, ‘मला हा खेळ कळत नाही. आबा बसत होते, म्हणून मी बसतो.’

‘मंग नका बसू.’

हे कडूबाच्या तोंडून निघून गेलं. त्यात उद्धटपणा नव्हता. पाय दुखणाऱ्या माणसाला म्हणावं तसं तो म्हणाला. पण मालकाला त्याच्या गादीवर असं कोणी म्हटलेलं नव्हतं. उत्तमराव उठले. त्यांनी सांगितलं, की यापुढे कडूबाने मैदानात पाय ठेवू नये. कडूबाने शेला काढून गादीच्या कडेला ठेवला, टोपली उचलली आणि निघाला. वाटेत त्याला आपलं अंग हलकं वाटलं. त्याचं बोलणं मालकांकडे पहिल्यांदाच खरं मानलं गेलं होतं.

शुक्रवारी तुळशीराम मळ्यात आला. बांधावर बसून त्याने आधी एक बिडी ओढली. मग म्हणाला, उत्तमरावांनी माणूस पाठवला होता. रविवारी मलकापूरशी सामना आहे, गोलात ये म्हणतात. इंद्रभानला बाहेर बसवलं आहे. बूट मात्र घालावे लागतील, ते मेव्हण्याचा मान म्हणून राहू दे, असा निरोप आहे.

‘जाशील ना?’

‘तुले येऊ देत नाहीत, मंग मी काऊन जाऊ?’

‘मी गोलात थोडाच उभा राहतो,’ कडूबा म्हणाला. ‘जाय. बुटाच्या तळाले एरंडीचं तेल लाव, चिखल कमी धरते.’

रविवारी दुपारी आभाळ उघडलं होतं. गोजरबाई वांग्यांमधलं तण काढत होती; कडूबाही खुरपं घेऊन बसला, पण त्याचं खुरपं एकाच जागी फिरत होतं. मळ्यापासून मैदान दिसत नसे, ऐकू येई. आधी नुसता गलबला. मग एका कोपऱ्यातून कोणीतरी क्लबाचं नाव घेऊन हाक दिली. कारभारीचा आवाज होता तो, मधेच फाटला. तरी लोकांनी उत्तर दिलं, थोडं उशिरा, थोडं मागेपुढे. कडूबा उकिडवा बसल्या जागीच ओठ हलवून त्यांच्याबरोबर बोलला.

नंतरचा सगळा खेळ त्याने आवाजावरून पाहिला. मलकापूरवाले ओरडत चढत आले की त्याचा हात थांबे. एकदम सगळं शांत होई, आणि त्या शांततेनंतर नांदुऱ्याचा गजर उठला की तो गोजरबाईला सांगे, धरला. तिने दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा म्हणाली, ‘उत्तमरावांची माफी मागा ना. झालं गेलं विसरतील.’

‘माफी मागितली का पुन्हा मजाक होईल ते,’ कडूबा म्हणाला.

सूर्य कलल्यावर कारभारी धापा टाकत बांधावरून आला. हरलो, म्हणाला. शेवटी तुळशीराम बुटामुळे घसरला आणि चेंडू काखेखालून गेला. उत्तमरावांची खुर्ची सबंध वेळ रिकामीच होती.

‘कितीनं हरलो?’

‘एकानं.’

‘एकानंच?’

‘एकानंच बे. मलकापूरवाले हसले बी नाहीत.’

कडूबाने खुरपं मातीत रोवलं आणि कारभारीला बांधावर बसवून घेतलं. मग त्याने त्याला सामना पहिल्या हाकेपासून सांगायला लावला.