हाक ऐकू येईल इतकंच

माझी आत्या पियानो वाजवायची, आणि हळू आवाजात वाजवते म्हणून नावाजली गेली, ह्याचा मला अजून राग येतो. समीक्षक लिहायचे की तिच्या बोटांत संयम आहे. संयम कसला डोंबलाचा! घरात सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं, पण कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

आत्या कॉलेजात असताना माझी आजी अंथरुणाला खिळली. पियानो बाहेरच्या खोलीत, आजी आतल्या. मग आत्याने एक रीत पाडून घेतली. मधलं दार उघडं ठेवायचं आणि आजीची हाक ऐकू येईल इतक्याच आवाजात वाजवायचं. आजी "छकुले" म्हणाली की आत्या पट्ट्यांवरून हात उचलून आत जायची, पाणी पाजायची, कूस बदलून द्यायची आणि परत येऊन तिथूनच पुढे वाजवायची.

पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आली. त्यासाठी नेमलेली रचना दणदणीत होती, ती कुजबुजत कशी बसवणार? एका दुपारी आजीचा डोळा लागलेला पाहून आत्याने दार लोटलं आणि पहिल्यांदाच मनसोक्त वाजवलं. वाजवून झाल्यावर दार उघडलं, तर आजी पलंगाखाली पडलेली होती. सगळं संपलं होतं. शेजारीण नंतर सगळ्यांदेखत म्हणाली की म्हातारी किती वेळ हाका मारत होती, मला भिंतीपलीकडे ऐकू आल्या, पण म्हटलं मुलगी आहे ना घरात. त्या बाईचं थोबाड मी कधी पाहिलं नाही, तरी मला ते रंगवावंसं वाटतं.

शिष्यवृत्ती मिळाली. आत्या मोठ्या सभागृहांत वाजवू लागली, पण सगळं मंद, आणि मान जराशी कलती. रंगमंचाच्या बाजूचं दार उघडं ठेवा, अशी तिची अट असे. आयोजकांना वाटे, बाईंना वारा लागतो. वाद्यवृंदातली मंडळी तिला लाडाने 'मांजर' म्हणत, आणि ती हसून घ्यायची.

नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा मला कळलं की ते दार सभागृहापुरतं नव्हतं. सराव करता करता ती थांबायची, उठून आतल्या खोलीत जाऊन यायची. आत कपाट आणि घडी न केलेले कपडे, बाकी काही नाही. विचारलं तर "काही नाही गं" म्हणायची. मी कपाळावर आठ्या आणून इस्त्री करत राहायचे. एकदा मात्र तिच्याबरोबर माझीही मान वळली. मी काही ऐकलं असं म्हणणार नाही, पण इस्त्री बंद करून मी आत जाऊन आले.

साठीनंतर तिची बोटं आखडू लागली. तिच्याबरोबर शिकलेला वाद्यवृंदाचा संचालक घरी आला आणि त्याने तोंडावर सांगितलं, "जन्मभर दाबून वाजवलंस. हात आहेत तोवर एकदा मोकळेपणाने वाजव, नाहीतर राहूनच जाईल." तिने सबंध वाद्यवृंदाबरोबर वाजवायची एक रचना घेतली. मला हे हवंच होतं, मी तिच्या मागेच लागले होते. पण तालमीत चढ आला की तिचा हात हलका पडायचा आणि बाकीची वाद्यं तिला गिळून टाकायची. संचालक डोकं धरून बसायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी रंगमंचावर जाताना ती मला म्हणाली, "दार लाव." मी लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिले.

तिने वाजवलं. लाकडातून ते माझ्या पाठीला जाणवत होतं. चढ आला आणि तिचा हात हलका पडला नाही, उलट ती सगळ्यांच्या वर गेली, आणि मी रडले. टाळ्या थांबेनात. आत आल्यावर मी तिला मिठी मारून म्हटलं, "आत्या, सुटलीस बघ एकदाची."

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर उपडे पडले होते.

"चढावर आली हाक," ती म्हणाली. "आधी हळू, मग मोठ्याने."

"मग?"

"मी वाजवत राहिले." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्या दुपारी मला खरंच ऐकू आली नव्हती गं. आज आली."