डोक्याचा नव्हे, कानाचा स्कॅन

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "उजव्या कानात ही बारीक हाडं दिसतात ना? डाव्या कानात ती राहिलेली नाहीत. हा कोलेस्टिएटोमा." म्हणजे पडद्यामागे, मधल्या कानात साचत जाणारी कातडी. कर्करोग नव्हे, पण भोवतालचं हाड पोखरत जाते.

मला रडू आलं नाही. चीड आली. दोन वर्षं हा कान वाहत होता, त्याला घाण वास येत होता आणि जो तो मला थेंबच देत होता.

मी गोव्यात साखळी गावी शिवणाचे वर्ग घ्यायची. हळर्णला माहेरी गेले की आई म्हणायची, "खोबऱ्याचा तेल घाल गो, कान सुकतलो." दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेत नुसतं पांढुरकं दिसलं. "जुनी सर्दी," असं ऐकून परत आले.

मग चक्कर येऊ लागली. एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला. यात क्ष-किरणांनी शरीराच्या आतले काप पाडल्यासारखी चित्रं मिळतात. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, अशी यंत्रं मोजकीच. पहिल्या खेपेला यंत्र बंद. दुसऱ्या खेपेला फिल्म मिळाली, ती घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

"हा डोक्याचा स्कॅन आहे," ते म्हणाले. "मेंदू ठीक आहे. पण काप जाड आहेत. कानातली हाडं तांदळाच्या कणीएवढी, ती यात कुठे सापडणार?"

चिठ्ठीत कानाचा उल्लेखच नव्हता. पुन्हा नवी तारीख.

ती यायच्या आधीच एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं. माझे यजमान सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे. ते घाबरून म्हणाले, "तुझा तोंड वाकडा झाला गो!" तसंच उठून आम्ही पणजी गाठली.

स्कॅनच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "तुमची तारीख पुढची आहे."

यजमानांनी मला पुढे केलं. "हिका हसाक सांगा, मगे तारीख सांगा."

त्याने वर पाहिलं. स्कॅन त्याच दिवशी झाला. पालथं झोपवून मान मागे ताणायला लावली. कळ मस्तकात गेली, पण हलतेय कशाला! तीच ही फिल्म.

मास्टॉइडेक्टमी झाली, म्हणजे कानामागचं हाड कोरून रोग काढला. चेहऱ्याची नस वाचली, हसू हळूहळू सरळ झालं. डावा कान मात्र गेला.

तुमचा कान वाहत असेल, वास येत असेल, तर 'सर्दी' ऐकून घरी जाऊ नका. स्कॅनच्या चिठ्ठीत कान लिहिलाय का, ते विचारा.

त्या कानाच्या डॉक्टरांचे उपकार मानते, पण चीड गेलेली नाही. पूर्वी ऐकू आलं नाही की मी नुसती मान डोलवायची. आता समोरचा कितीही मोठा असो, म्हणते, "कळलं नाही. परत सांगा."